एका गेटावर दोन संत्री

आमच्या घरात कॉम्प्युटर येण्याआधी सगळे आवाज ठरलेले होते. सकाळी उठल्याबरोबर आईच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. मग दादांचा दाढीचा ब्रश पितळी वाटीच्या काठावर दोनदा आपटायचा; तीनदा कधीच नाही. आणि वीज आली की सगळ्या गल्लीतून एकदम ‘आली!’ अशी आरोळी उठायची. तेव्हा आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास भारनियमन असायचं, त्यामुळे विजेचं येणं हा रोजचाच छोटा सण होता. कॉम्प्युटर आला आणि या आवाजांत आणखी एका आवाजाची भर पडली. काचेच्या बरणीवर चमचा मारल्यासारखा तो आवाज यायचा आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी राहायची. मशीनला धोका आहे, असं ती इंग्रजीत सांगायची. आज माझ्या हातातल्या फोनवर अशा दहा सूचना येतात आणि माझी मुलगी त्या अंगठ्याने बाजूला सारते. मी मात्र प्रत्येक सूचना थांबून वाचते. ती सवय कुठून लागली, तेच सांगायचं आहे.

दादा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले होते. आमचं गाव कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कराडला बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेतला होता आणि रोज एसटीने जाऊन-येऊन शिकत होते. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर चौघीजणी बसायचो, त्यात माझा हात कीबोर्डला फारसा लागतच नसे. हे मी घरी कधी बोलले नव्हते. एकदा दादा काही कामाने कॉलेजात आले, लॅबच्या खिडकीतून त्यांनी आत पाहिलं, आणि पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या फौजी कॅन्टीनमधून खोकी घरी आली. सोबत कंदी पेढे. आईने त्या दिवशी अख्खा मसूर केला होता, वर लसणाची फोडणी. खोकी उघडेपर्यंत कुणी जेवलं नाही, आणि उघडल्यावर दोन तास कुणाला भूक आठवली नाही.

घराच्या पुढच्या भागात, सोप्यात, खिडकीपासून लांब कॉम्प्युटरची जागा ठरली. दादांनी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. कोण किती ते किती ‘ड्यूटीवर’ ते त्यात होतं, आणि शेजारी खिळ्याला दोरीने एक जाडजूड रजिस्टर टांगलेलं. वेळ, ड्यूटीवर कोण, काय घडलं, काय कारवाई केली, असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखले होते. माझी धाकटी बहीण रेखा तेव्हा दहावीत होती. चौकट आली की ती अक्षर अक्षर लावून इंग्रजी वाचायची आणि दादा जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. कारवाईच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘मशीन बंद केले. सर्वांस सूचना दिल्या’ असं असायचं. एकदा आम्ही दोघी घरात नसताना आईनेही नोंद केली होती. ‘घंटी वाजली. ओल्या फडक्याने पुसले. थांबली.’

मशीनबरोबर एक अँटिव्हायरस आला होता. त्याचं चित्र हिरवं, म्हणून आम्ही त्याला हिरवाच म्हणायचो. वर्षभर त्याचा फारसा त्रास नव्हता. मग दादांचे फौजेतले जुने सोबती, साताऱ्याचे सुभेदार काका, घरी आले आणि जाताना त्यांनी मुलाने दिलेली एक सीडी दादांच्या हातात ठेवली. तोही अँटिव्हायरसच होता. चित्र पिवळं.

“हिरवा हाय की दादा,” मी म्हणाले.

“असूदे की. एका गेटावर दोन संत्री लागत्यात. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा असतोय. लाव.”

मी लावला. इथं मला खरं सांगायला हवं. मी तिसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी होते, प्रोग्रॅम लिहीत होते, पण घरच्या मशीनवर एकाला दुसरा चालतो की नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. ‘पुढे, पुढे, पूर्ण’ असं दाबत गेले. बटणं माझ्या बोटांनी दाबली होती, म्हणून नंतरचा सगळा दोष मी दादांवर कधी टाकू शकले नाही.

त्याच सुमारास माझं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट सुरू झालं. आमच्या गावात उपसा सिंचनाच्या पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची. कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, आणि मध्येच वीज गेली तर पुढची पाळी कशी सरकवायची, हे ठरवून देणारा प्रोग्रॅम मी लिहायला घेतला. त्याला नाव दिलं ‘पाणी’. आणि तेव्हापासून घरात चौकटींचा पाऊस सुरू झाला. दर पाच-दहा मिनिटांनी घंटी वाजायची. ठीक म्हणून दाबलं की चौकट जायची आणि पुन्हा यायची. मशीन इतकं रेंगाळायचं की एक फाईल उघडेपर्यंत आईचा चहा व्हायचा. त्यात मी रात्री जेवणाआधी प्रोग्रॅम तयार करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी मी लिहिलेल्या ओळी तशाच असायच्या, पण त्यांच्यावरून बनलेली तयार फाईल जागेवर नसायची. मला वाटायचं, मीच जतन करायला विसरतेय. पुन्हा तयार करायचे.

प्रत्येकाने आपापला उपाय केला. रेखाने स्पीकरची वायर काढली. चौकटी मुक्याने यायला लागल्या. चौकट आली की पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल खूणही लुकलुकायची; आईला तिचा फार राग. तिने आपल्या पाकिटातली एक मोठी टिकली काढून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बरोबर त्या खुणेवर चिकटवली.

“आता न्हाई दिसत,” ती म्हणाली.

“आई, घड्याळ पण झाकलंस की गं,” रेखा हसत सुटली.

“भिंतीवर हाय की घड्याळ. किती ठिकाणी बघायचं!”

दादांचा उपाय फौजी होता. बाहेरून काहीतरी येतंय म्हणून त्यांनी सगळे रस्ते बंद केले. पेनड्राईव्ह बंद, सीडी बंद, टेलिफोनच्या वायरवरून येणारं इंटरनेट बंद, रेखाची गाणी बंद. तरी चौकटी थांबेनात. मग त्यांना वाटलं, आतलाच कुणीतरी फितूर आहे. रोज सकाळी अंगणात आमची हजेरी सुरू झाली. आईसुद्धा रांगेत, हात पिठाचे.

“काल साडेपाचला ड्यूटीवर कोन हुतं?”

“मी,” मी म्हणायचे.

“काय केलंस?”

“माझं प्रोजेक्टच करत हुते की दादा.”

“परवा?”

“तेच.”

“आवं, तव्यावर भाकरी हाय माझी,” आई म्हणायची, “मला सोडा. मी तर त्याला निस्तं फडकं मारती.”

हे सगळं मी आज हसत लिहिते आहे, आणि तेव्हाही निम्मा वेळ आम्ही हसतच होतो. पण माझ्या हातात दिवस मोजकेच उरले होते. सोमवारी प्रोजेक्ट जमा करायचं होतं. नाही केलं तर वर्ष गेलं. पेनड्राईव्ह बंद असल्यामुळे दुसरीकडे कुठेही त्याची प्रत नव्हती. जे होतं ते त्या एका मशीनमध्ये होतं. आणि शुक्रवारी मशीन चालू केलं तर एकावर एक चौकटी साचल्या आणि पडदा गोठून गेला. दादांनी बटण दाबून ते बंद केलं आणि म्हणाले, “उद्या सांगलीला न्यायचं.”

दादांनी आपली काळी फौजी ट्रंक रिकामी केली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर होता. तळाशी गोधडी, मध्ये सीपीयू, वर दुसरी गोधडी. आईने कडेच्या फटीत ठेचा-भाकरीचं गाठोडंही कोंबलं, ते दादांनी काढून माझ्या हातात दिलं. “त्याला मुंग्या लागतील,” म्हणाले. विट्याच्या स्टँडवर आम्ही एसटी बदलली. ट्रंक दादांच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, “काय हाय ह्यात काका?”

“पेशंट हाय.”

“मग मिरजेला न्या की,” कंडक्टर म्हणाला, “दवाखानं तिकडं हायती.” अख्खी एसटी हसली. दादाही हसले, पण ट्रंकेवरचा हात त्यांनी काढला नाही.

सांगलीत स्टँडच्या मागच्या गल्लीत इरफानभाईंचं दुकान होतं. मामाने पत्ता दिला होता. उघडी पडलेली मशीनं, वायरींची भेंडोळी, एका कोपऱ्यात भिंतीवर चढवलेला पंखा. इरफानभाईंनी आमचं मशीन आपल्या पडद्याला जोडलं, एकामागून एक उगवणाऱ्या चौकटी पाहिल्या आणि मान हलवली. “लय भरलंय हे. फॉरमॅट मारूया. तासाभरात कोरी पाटी करून देतो.”

“माझं प्रोजेक्ट आहे त्यात,” मी म्हणाले. “सोमवारी द्यायचंय.”

“आधी कॉपी काढू की ताई.”

त्यांनी कॉपी लावली. अर्ध्यावर गेली आणि चौकट आली, मशीन गोठलं. पुन्हा लावली, पुन्हा गोठलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माउस सोडला आणि अगदी हळू, वाईट वाटून म्हणाले, “हे कॉपीच होऊ देत न्हाई. फॉरमॅट केलं तर प्रोजेक्ट जाईल. न केलं तर मशीन चालत न्हाई. तुमी ठरवा.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मला रडू येत होतं आणि दादांसमोर रडायचं नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी पिशवीत हात घातला आणि हाताला रजिस्टर लागलं. दादांनी ते डॉक्टरला केसपेपर दाखवावेत तसं बरोबर आणलं होतं. इतके महिने ते आमच्या भिंतीवर टांगलेलं होतं, त्यावर आम्ही दोघी बहिणींनी किती विनोद केले होते, आणि मी त्याचं एकही पान वाचलेलं नव्हतं. चौकटीही मी वाचत नव्हते. ठीक, ठीक, ठीक. आता वाचायला लागले.

दादांनी सगळं उतरवलं होतं. कोणत्या रंगाची चौकट, किती वाजता, आणि चौकटीत ज्या फाईलवर संशय घेतला होता तिचं नाव. इंग्रजी अक्षरं बघून बघून काढलेली, चित्र काढावं तशी. प्रोजेक्ट सुरू झालं त्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाव एकच होतं. paani.

मी त्यातली पहिली नोंद पुन्हा पाहिली. मी प्रोग्रॅम पहिल्यांदा तयार केला तो दिवस. खाली हिरवी चौकट, दोन मिनिटांनी पिवळी, मग हिरवी, मग पिवळी. पान उलटलं, तेच. जेव्हा जेव्हा मी प्रोग्रॅम नव्याने तयार केला, तेव्हा तेव्हा.

“दादा,” मी म्हणाले, “व्हायरस न्हाईच हाय. माझं प्रोजेक्टच हाय ते.”

“म्हंजी?”

मला जसजसं उमगत होतं तसतसं सांगत गेले. मी घरी बनवलेला प्रोग्रॅम. बाजारातला नव्हे, कुणाच्या ओळखीचा नव्हे. हिरव्याला तो अनोळखी वाटतो. तो त्याला धरतो आणि आपल्या कोठडीत टाकतो, म्हणून माझी फाईल गायब होते. मग पिवळा गस्त घालत त्या कोठडीत डोकावतो, त्याला माझा प्रोग्रॅम आत दिसतो आणि पिवळा ओरडतो. पिवळा त्याला हात लावायला जातो तर हिरवा ओरडतो.

दादांनी रजिस्टरच्या पानावर नजर टाकली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकताहेत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“आगं, असंच झालं हुतं! वर पोस्टवर, सकाळी, धुकं एवढं की हात दिसंना. दोन संत्री, दोघं बी नवं. लंगरवाला, आमचा सैपाकी, चहाची किटली घेऊन आला. एकानं त्याला थांबीवला, हात वर करून हुबा केला. दुसरा आला, त्यानं परत झडती घेतली. ह्यो म्हनतोय मी धरला, त्यो म्हनतोय मी धरला. तास गेला. आन आमी सगळं आत चहाची वाट बघत बसल्यालं, शिव्या देत लंगरवाल्याला!” त्यांनी डोळे पुसले आणि दुकानाच्या दारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, “आवं इरफानभाई, पाटी कोरी नका करू! आपला चहावालाच धरलाय ह्यांनी!”

इरफानभाईंना आधी काहीच कळलं नाही. मग मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तीन-चार पानं उलटली, एकदा दादांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “दहा वर्षं दुकान चालवतोय,” ते म्हणाले, “असा केसपेपर घेऊन कोन आलं न्हाई.” आणि खुर्चीतून उठून ती माझ्याकडे सरकवली. “बसा ताई. तुमीच करा. मी बघतो.”

एकाला काढायला हवं होतं. मधल्या मध्ये बाहेरून काही येऊ नये म्हणून मी दुकानाच्या इंटरनेटची वायर काढली आणि दोघांची आतली पानं उघडली. पिवळ्याची मुदत केव्हाच संपलेली होती. नवीन धोक्यांची माहिती त्याला कित्येक महिने मिळालेली नव्हती, फक्त ओरडण्याचं काम तेवढं चालू होतं. मी दादांकडे पाहिलं. सुभेदार काकांनी दिलेली वस्तू होती.

“मुदत संपल्यावर पोस्ट सोडायचीच असती,” दादा म्हणाले. “मी सोडली की. काढ. सुभेदाराला मी सांगतो.”

मी काढायला लावल्यावर मशीनने विचारलं, नक्की ना? रेखा नव्हती, म्हणून मीच मराठीत करून सांगितलं. दादा ताठ उभे राहिले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “व्हय. नक्की.” मी बटण दाबलं. मग हिरव्याच्या कोठडीत गेले. माझं ‘पाणी’ तिथे होतं, एकदा नव्हे, चव्वेचाळीस वेळा. शेवटचं सोडवलं आणि हिरव्याला सांगितलं, हा आपला माणूस, याला अडवायचं नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. तिघेही पडद्याकडे बघत उभे. पंखा फिरत होता. एक मिनिट, दोन, पाच. मी प्रोग्रॅम चालवला. आमच्या गावच्या रानांची नावं एकाखाली एक आली, पुढे दिवस, पुढे तास. चौकट आली नाही. इरफानभाईंनी पलीकडच्या टपरीला हाक मारली, “तीन चहा! आन कुनी अडवू नका रं त्याला!”

त्या दिवशी सीडीवर एक प्रत, पेनड्राईव्हवर एक, आणि इरफानभाईंच्या मशीनवर एक, अशा तीन प्रती करून आम्ही निघालो. परतीच्या एसटीत कुणी विचारलं नाही तरी दादांनी शेजारच्या माणसाला सगळी हकीकत सांगितली, आणि विट्यानंतर दुसऱ्या शेजाऱ्याला पुन्हा. दुसऱ्या वेळी लंगरवाला दोन तास उभा होता. घरी आल्यावर आईने मशीन पाहिलं, शांत. तिने नखाने टिकली काढली, ती अजून चिकटतेय का बघितलं आणि स्वतःच्या कपाळाला लावून चुलीकडे गेली.

सोमवारी दादा माझ्याबरोबर कराडला आले. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. प्रोजेक्ट जमा करणं म्हणजे काहीतरी समारंभ असणार अशी त्यांची कल्पना असावी. ऑफिसच्या खिडकीवर मी अहवाल आणि सीडी दिली. आतल्या मॅडमनी यादीत माझ्या नावापुढे खूण केली आणि अहवाल मागच्या गठ्ठ्यावर ठेवला.

“झालं?” दादांनी विचारलं.

“झालं काका.”

“पावती?”

“प्रोजेक्टची पावती नसते काका.”

“माल हातातनं दिला की पावती घ्यायची असती मॅडम. तुमचं चालू द्या. आमी थांबतो.” आणि ते खिडकीच्या बाजूला सरकून उभे राहिले, पाय जुळवून. मी लाजेने खाली बघत होते. मागे रांग वाढत होती आणि पोरं हसत होती. दहाएक मिनिटांनी मॅडमनी एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं, शिक्का मारला आणि हसत पुढे केला. दादांनी तो वाचला आणि परत खिडकीतून आत दिला.

“नाव पुरं लिवा की. समदं.”

मॅडमनी माझं नाव, दादांचं नाव आणि आडनाव लिहिलं. दादांनी प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवत ते पुन्हा वाचलं. “बरोबर हाय,” म्हणाले, कागदाची चौपदरी घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं.

तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, निकाल तर दूरच. पण त्यांनी मला स्टँडसमोर भेळ खायला नेलं. भर दुपारची वेळ, धुळीचा वारा, कागदाच्या पुड्यातून भेळ उडू पाहत होती. “दोन्ही हातांनी धरा की दादा,” मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. भेळ संपेपर्यंत त्यांचा डावा हात खिशावरच होता.